कांद्याची निर्यात दिल्लीत नक्की कोण बंद करतं? (माहिती अधिकाराचा अर्ज कुठल्या खात्याला टाकू?)

चाळीतला_कांदा

मंडळी, राजकारणाचा धागा नाहीये हा, आधीच सांगतो. मला अर्ज करायचाय आणि पत्ता सापडत नाहीये.

८ डिसेंबर २०२३. पहाटे ट्रॉली घेऊन बाजार समितीत गेलो. लाल कांदा, आदल्या संध्याकाळी निवडून भरलेला, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढलेली. रांगेत उभा असतानाच मोबाईल वाजायला लागले: निर्यात बंद, ३१ मार्चपर्यंत. लिलाव निघालेच नाहीत. अर्धी पोरं चांदवडला रस्ता अडवायला गेली. मी ट्रॉली सोडून जाणार कुठे? शेजारच्या ट्रॉलीवर एक म्हातारबाबा विडी ओढत बसलेले. मला म्हणाले, "तू शिकलेला दिसतोस. सही कोणाची आहे त्या कागदावर?" म्हटलं, सरकारची. म्हणाले, "सरकार कशाला सही करतंय? माणूस करतो. कोण माणूस?"

ते डोक्यात राहिलं. नंतर सगळे कागद काढून वाचले. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तो कागद अर्थमंत्रालयाच्या महसूल विभागाचा. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, तो कागद विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा. ७ डिसेंबरची बंदी, तीही डीजीएफटी. मधल्या काळात नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांनी बफरचा, म्हणजे सरकारी साठ्यातला कांदा २५ रुपये किलोने शहरात विकला, तो कारभार ग्राहक व्यवहार विभागाचा. आणि बंदी चालू असताना काही देशांना कांदा गेला, तो राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत (एनसीईएल), म्हणजे तिथे सहकार मंत्रालय आलं.

शेती खात्याची सही यातल्या एकाही कागदावर नाही.

आता सांगा, 'हे का केलं' असं विचारायचं तर कोणाला?

शंकासुर

सोप्पंय. सगळ्यांना एकेक अर्ज टाका. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. शेवटी बोटं मोजा.

भाजीची_पिशवी

धागा वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही लिहिते. त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी दादरला सत्तर-ऐंशी रुपयांनी कांदा घेतला. चौघांच्या घरात आठवड्याला दोन-अडीच किलो लागतो. सरकारने माझ्याकडेही बघायचं की नाही? १९९८ ला दिल्लीतलं सरकार कांद्याने घालवलं, १९८० च्या निवडणुकीत इंदिराबाईंनी कांद्याच्या भावावर प्रचार केला. एवढं झाल्यावर कुठला मंत्री वाट बघत बसेल?

चाळीतला_कांदा

ताई, तुमचं चूक नाहीच. तुमच्या ऐंशीतले माझ्या हातात किती पडले ते विचारा फक्त. आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला ऐंशी पडतायत हे दिल्लीला त्याच दिवशी कळतं. मला काय पडलं ते कधी कळतं?

निवृत्त_टिपणी

मी दिल्लीत एका मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली. कांद्याची फाईल माझ्याकडे कधी नव्हती, पण फाईल चालते कशी ते माहीत आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

'सरकार' नावाची एक वस्तू नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७७ खाली १९६१ साली दोन नियमावल्या झाल्या. पहिलीत कुठलं काम कुठल्या खात्याचं ते ठरलंय, दुसरीत ते काम कसं करायचं ते. बाकी सगळं राजकारण या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत चालतं. आयात-निर्यात वाणिज्य मंत्रालयाची. शुल्क अर्थ मंत्रालयाचं. भावावर नजर ग्राहक व्यवहारची. बाहेरच्या देशाला दिलेला शब्द परराष्ट्रचा. एखादा प्रस्ताव दोन-तीन खात्यांना भिडत असेल तर ज्याचा विषय तो टिपण करतो, बाकीच्यांकडे मत मागायला पाठवतो, मतं जुळली नाहीत तर सचिवांच्या समितीत, तिथेही नाही जुळली तर मंत्र्यांच्या समितीत, आणि अगदीच मोठं असेल तर मंत्रिमंडळात. कांद्यासाठी अख्खं मंत्रिमंडळ बसलंच पाहिजे असं नसतं. १९९२ चा विदेश व्यापार कायदा आहे, त्याच्या कलम ३ ने केंद्राला निर्यात रोखायचा अधिकार दिलाय. आधी संसदेत जावं लागत नाही. म्हणून आदेश रात्री निघतो आणि सकाळी लागू होतो.

म्हातारबाबांच्या प्रश्नाचं उत्तर: सही महासंचालकाची असते. पण डीजीएफटीच्या अधिसूचनेच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते, वाणिज्य मंत्र्यांच्या मान्यतेने हे काढलं आहे अशा अर्थाची. ती ओळ वाचायची. हात अधिकाऱ्याचा, मान्यता मंत्र्याची.

आता गंमत बघा. २०२३ साली वाणिज्य मंत्री कोण? पीयूष गोयल. ग्राहक व्यवहार मंत्री कोण? तेच. निर्यात वाढवणारं खातं आणि भाव दाबणारं खातं, दोन्हींच्या फाइली एकाच टेबलावर. एरवी या दोन खात्यांत महिनाभर पत्रोपत्री चालली असती आणि तेवढ्यात तुमचा कांदा विकला गेला असता. जून २०२४ नंतर ग्राहक व्यवहार प्रल्हाद जोशींकडे गेलं.

तुमचा 'दिल्लीला कधी कळतं' हा प्रश्न नेमका आहे. ग्राहक व्यवहार विभागात देशभरातल्या साडेपाचशे केंद्रांवरून किरकोळ भाव रोज येतात. रोज. तक्ता होतो, वर जातो. बाजार समित्यांचे भावही संकेतस्थळावर असतात, नाही असं नाही, पण ते बघून काहीतरी करायचं हे कोणाचं रोजचं काम नाही. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं लक्ष्य रिझर्व्ह बँकेला कायद्याने घालून दिलंय, दोन वर, दोन खाली. म्हणजे किरकोळ भाव चढला की घंटा वाजवणारी दोन दारं झाली. तुमच्याकडचा भाव पडला की वाजणारी घंटा कुठे लावलेली नाही. तुम्हीच महामार्गावर जाऊन वाजवता ती.

शंकासुर

काका, नियमावलीवरून आठवलं. तो पहाटेचा शपथविधी कुठल्या नियमाने झाला होता?

निवृत्त_टिपणी

तुम्ही येणार तिथे हे माहीत होतं. कामकाज नियमावली १९६१, नियम १२. पंतप्रधानांना वाटलं तर नियम बाजूला ठेवून निर्णय करता येतो, मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली ती त्याच नियमाने. मूळ नियम आणीबाणीच्या प्रसंगांसाठी ठेवलेला. असो. कांद्यावर या.

ढाक्याचा_पाहुणा

मी मूळचा इचलकरंजीचा, कापड धंद्यात, ढाक्यात अनेक वर्षं आहे. तुम्ही सगळे देशातलं बोलताय, मी पलीकडचं सांगतो.

२९ सप्टेंबर २०१९ ला भारताने निर्यात बंद केली. चार-पाच दिवसांनी शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांसमोर हिंदीत हसत हसत म्हणाल्या, आमच्या आचाऱ्याला मी सांगून टाकलंय, आता जेवणात कांदा नाही. आणि पुढचं वाक्य खरं महत्त्वाचं होतं: बंद करायचं तर आधी कळवत जा, आम्हाला दुसरीकडून आणता येईल. सभागृह हसलं. इथे कोणी हसत नव्हतं. नोव्हेंबरात ढाक्यात किलोला २०० टाक्यांच्या वर गेला. इजिप्त आणि तुर्कस्तानातून विमानाने कांदा आला, डोक्यात बसेल का तुमच्या, विमानाने! आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीसीबीचा, म्हणजे इथल्या सरकारी व्यापार महामंडळाचा ट्रक उभा राहायचा, ४५ टाक्याला किलो. त्या रांगेत आमच्या ऑफिसचा हिशेबनीस सुटी टाकून उभा राहिलेला मी पाहिलाय. हातात नायलॉनची पिशवी आणि इस्त्रीचा शर्ट.

पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा तेच. सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर मालासकट ट्रक अडकले, त्यात सप्टेंबरचा दमटपणा. इथल्या परराष्ट्र मंत्रालयाने भारतीय उच्चायुक्तालयाला पत्र लिहिलं, की आधी कळवायचं असं आपलं बोलणं झालं होतं.

मग इथल्या सरकारने काय केलं? पाबना, फरीदपूर, राजबाडी या पट्ट्यात कांदा वाढवायचा चंग बांधला. इथला शेतकरी आता म्हणतो, आमचा माल निघाला की भारताचा थांबवा. म्हणजे तुमच्या दोन बंद्यांनी पलीकडे एक नवा कांदा-शेतकरी आणि त्याचा नवा दबावगट उभा केला.

चाळीतला_कांदा

हे मला माहीत नव्हतं. आम्ही समजायचो बांगलादेश म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक.

भाजीची_पिशवी

मग परराष्ट्र खातं त्या वेळी करत काय होतं? त्यांचं मत मागवतात म्हणालात ना काका?

निवृत्त_टिपणी

मागवतात. पण क्रम बघा. घरातला निर्णय आधी, तातडीने; परराष्ट्रचं काम त्यानंतर सुरू होतं, अपवाद काढायचं. मे २०२२ ला गव्हाची निर्यात थांबवली तेव्हा त्याच अधिसूचनेत सोय ठेवली होती: अन्नसुरक्षेसाठी एखाद्या देशाच्या सरकारने विनंती केली तर केंद्र परवानगी देईल. म्हणजे दार बंद करतानाच खिडकी ठेवली. त्या खिडकीवर उभं राहायचं काम राजदूतांचं. त्यांचं सरकार मागणी करतं, ती परराष्ट्रकडून वाणिज्य आणि ग्राहक व्यवहारकडे जाते, आकडा ठरतो.

२०२४ च्या कांद्यात हे आकडे उघड आहेत. बांगलादेश ५०,००० टन, संयुक्त अरब अमिराती तीन हप्त्यांत ३४,४००, श्रीलंका १०,०००, बहारीन ३,०००, मॉरिशस १,२००, भूतान ५५०. भूतानचा ५५० टन कांदा म्हणजे व्यापार नाही हो, शेजारधर्म. अमिरातीचा आकडा दोनदा वाढला, त्यात दोस्तीही आहे आणि तिथली आपली लाखो माणसंही. हे सगळं एनसीईएलने ई-निविदेतून सर्वांत कमी बोलीने घेतलं आणि समोरच्या देशाने नेमलेल्या संस्थेला आगाऊ पैसे घेऊन दिलं. तुमच्या ओळखीच्या निर्यातदाराला त्यात जागा नव्हती.

चाळीतला_कांदा

थांबा थांबा. बेरीज केली. ९९,१५०. हाच आकडा २७ एप्रिल २०२४ ला 'सहा देशांना परवानगी' म्हणून टीव्हीवर आला होता! आमच्याकडे फटाके लावायचे बाकी होते.

निवृत्त_टिपणी

जुन्याच परवानग्यांची गोळाबेरीज होती ती. त्याच्या दोन दिवस आधी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी निघाली होती, त्यावर नाशकात ओरड झाली, मग हे पत्रक आलं. आता कशामुळे काय झालं ते मी लिहीत नाही, तारखा शेजारी शेजारी ठेवतो फक्त. ४ मेला बंदी उठली, ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मेला नाशिक आणि दिंडोरीचं मतदान.

शंकासुर

आणि दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या. मग १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क निम्म्यावर आलं, आणि नोव्हेंबरात विधानसभा. काका तारखा ठेवतात, मी फक्त वाचतो.

तूरडाळ_लातूर

कांदेवाल्यांनो, तुमचं दुःख एका बाजूचं, आमचं उलटं. तुमच्याकडे घरातलं धोरण बाहेर जाऊन आदळतं, आमच्याकडे बाहेरचा करार घरात येऊन बसतो.

२०१५ ला तूरडाळ २०० रुपयांच्या घरात गेली, आठवत असेल. जुलै २०१६ ला मोझांबिकशी करार झाला, वर्षाला एक लाख टनापासून सुरू करून दोन लाख टनांपर्यंत तूर घ्यायची. त्याच वर्षी आमच्याकडे पाऊस झकास. २०१७ ला तूर एवढी आली की हमीभाव क्विंटलला ५,०५० आणि बाजारात त्याच्या खाली. खरेदी केंद्रासमोर पोत्यांवरच झोपायचो, बारदाना संपला म्हणून काटा बंद. ऑगस्ट २०१७ ला केंद्राने तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. आम्ही म्हटलं, बरं झालं. वाचून बघितलं तर सरकार-सरकारमधल्या कराराची तूर त्या मर्यादेत धरलेलीच नाही. देशाने शब्द दिलेला.

मोझांबिकच्या शेतकऱ्याला दिल्लीचा लेखी करार, लातूरच्या शेतकऱ्याला हमीभावाची घोषणा. २०२१ ला तो करार आणखी पाच वर्षांनी वाढवला, मलावी आणि म्यानमारशीही केले.

बरं, करार चूक होता असंही म्हणवत नाही. २०० रुपयांची डाळ माझ्या बहिणीनेही पुण्यात खाल्लीय.

भाजीची_पिशवी

असे करार संसदेत मंजूर होत नाहीत का? अमेरिकेत सेनेटमध्ये दोन तृतीयांश लागतात म्हणे.

निवृत्त_टिपणी

तहाला लागतात. आपल्याकडे करार करणं हे सरकारचं काम, मंत्रिमंडळाच्या मान्यतेवर होतं. कायदा बदलावा लागणार असेल तरच संसद. जमिनीची अदलाबदल होती म्हणून २०१५ ला बांगलादेशच्या सीमा करारासाठी शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. डाळीला काय लागतं?

राज्यांचंही तसंच. शेती आणि बाजार राज्यसूचीत, पण सीमाशुल्क नाक्यापलीकडचा व्यापार केंद्रसूचीत, नोंद ४१. म्हणजे कांदा तुमच्या शेतात आहे तोवर मुंबईचा, न्हावाशेवाला पोचला की दिल्लीचा. मुख्यमंत्री पत्र लिहू शकतात. ऑगस्ट २०२३ ला शुल्काविरुद्ध ओरड झाली तेव्हा राज्याचे कृषिमंत्री दिल्लीला गेले, फडणवीस जपानमधून फोनवर बोलत होते, आणि हाती काय आलं तर २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन जादा खरेदी. शुल्क तिथेच राहिलं. याउलट २०११ ला बांगलादेशबरोबरचा तीस्तेच्या पाण्याचा करार ममता बॅनर्जींनी अडवला, अजून अडकलेलाच आहे. तिथे राज्याचा नकार चालला, कारण पाणी राज्यातून वाहतं आणि तेव्हा केंद्रातलं सरकार त्यांच्या खासदारांवर उभं होतं. कायद्याची कलमं दोन्हीकडे सारखीच होती हो.

ढाक्याचा_पाहुणा

तीस्तेचं नाव काढलंत तर इथे रात्रभर गप्पा चालतील, सोडा. मला वाटतं या सगळ्यात सर्वांत वाईट म्हणजे अनिश्चितता. शुल्क असेल तर असू दे, पण तीन महिने आधी सांगा. इथला आयातदार मला म्हणाला होता, महाग भारतीय कांदा परवडतो, पण येईल की नाही हे माहीत नसलेला परवडत नाही.

चाळीतला_कांदा

अगदी! फेब्रुवारी २०२४ चं उदाहरण देतो. अमित शहांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्र्यांच्या समितीने तीन लाख टन निर्यातीला मान्यता दिल्याच्या बातम्या आल्या. लासलगावचा भाव १७ तारखेला १,२८० होता, १९ ला १,८००. एका बातमीने क्विंटलला पाचशे वीस रुपये! दुसऱ्याच दिवशी ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. आमच्या गल्लीतल्या एकाने त्या दोन दिवसांत माल थांबवला, आणखी चढेल म्हणून. काय झालं असेल ते लिहीत नाही. आणि ३१ मार्च उजाडायच्या आधीच, २२ मार्चला, बंदी 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली.

बाकी ते ४० चे २० झालेलं शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं, आत्ता शून्य आहे. म्हणून कोणी विषय काढत नाही. मला आत्ताच अर्ज करायचाय, घंटा वाजत नसताना.

निवृत्त_टिपणी

हे शहाणपणाचं. तर पहिलं, 'का' विचारू नका. माहिती अधिकारात कारणमीमांसा तयार करून देत नाहीत, असलेला कागद देतात. म्हणून कागद मागा. दुसरं, पत्त्याची चिंता नको. डीजीएफटीला टाका, जो भाग दुसऱ्या खात्याचा तो कलम ६(३) खाली त्यांनीच पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. तुमचा अर्ज फिरेल तोच धोरणाचा रस्ता, पावत्या जपून ठेवा. तिसरं, दोन भिंती लागतील. मंत्रिमंडळाचे कागद कलम ८(१)(झ) खाली झाकतात, पण निर्णय होऊन विषय संपला की कारणं आणि आधारभूत सामग्री खुली करायची असते, तेही तिथेच लिहिलंय. आणि परदेशाशी संबंध बिघडतील म्हणून ८(१)(क). त्यामुळे देशांबरोबरचा पत्रव्यवहार मागू नका, आकडे मागा. एनसीईएलला थेट विचारलंत तर आम्ही सहकारी संस्था, कायद्यात बसत नाही असं उत्तर येऊ शकतं. सहकार मंत्रालयाकडे मागा.

आणि एक तुमच्या बाजूचं हत्यार: कलम ४(१)(ग). महत्त्वाचं धोरण ठरवताना किंवा लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं हे त्यांचं कर्तव्य आहे. न मागता.

शंकासुर

न मागता! काका, तुम्ही माझ्यापेक्षा विनोदी आहात.

चाळीतला_कांदा

मसुदा केला, बघा. "७ डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीच्या अधिसूचनेसंबंधी: ज्या टिपणीवर मान्यता मिळाली तिची प्रत, त्या टिपणीवर कृषी विभागाचं मत मागवलं असल्यास ते पत्र आणि आलेलं उत्तर, निर्णयासाठी आधार धरलेला भावाचा तक्ता, त्यात बाजार समित्यांचे घाऊक भाव असल्यास तेही, आणि बंदीच्या काळात देशवार दिलेल्या परवानग्यांच्या तारखा व टन."

तिसऱ्या मुद्द्यासाठीच खरं तर सगळा खटाटोप.

निवृत्त_टिपणी

'मागवलं असल्यास' काढा. 'मागवल्याचं पत्र व उत्तर' लिहा. नसेल तर 'उपलब्ध नाही' असं त्यांना लिहून द्यावं लागेल, आणि तो कागदसुद्धा कामाचा.

तूरडाळ_लातूर

माझ्या मोझांबिकसाठी हाच मसुदा उचलतोय, चालेल ना?

चाळीतला_कांदा

उचला की भाऊ. काका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर कोणाच्या नावे काढायची?

निवृत्त_टिपणी

'अकाउंट्स ऑफिसर', पुढे खात्याचं नाव. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने अर्जाची तारीख टाका, पाकिटातून सुटली तर शोधायला बरी.